आवडीनिवडीची वही

मराठी शिकविणाऱ्या माणसाने संगणकाच्या फायलींवर लेख लिहावा, ह्याचे पुष्कळांना नवल वाटेल. आमच्या सौ.ना तर ते वाटलेच. "दिवाळीच्या अंकात लोक चकली खाता खाता काहीतरी चाळत असतात. त्यांना तुमच्या त्या काळ्या पडद्याचं काय कौतुक?" असा त्यांचा सवाल. सवाल रास्त आहे. तरीपण दोन वर्षांपूर्वी त्या काळ्या पडद्यावर माझे जे नुकसान झाले, त्याची चुटपुट अजून गेलेली नाही. म्हणून लिहितो.

काळा पडदा म्हणजे काय, ते आधी सांगावयास हवे. मोबाइलवर आपण बोट टेकवितो आणि काम होते. पण संगणकात अजून एक जुना रस्ता शिल्लक आहे. काळी पाटी, तिच्यावर लुकलुकणारी एक रेघ. तेथे आज्ञा टाइप करावयाची आणि एंटर दाबावयाचे. चित्रे नाहीत, बटणे नाहीत. ह्याला कमांड लाइन म्हणतात. माझ्यासारखा माणूस त्या वाटेला गेला तो हौसेने नव्हे. दोनशे फायलींत एकच दुरुस्ती करावयाची असली, तर बटणे दाबून दाबून बोटे झिजतात. काळ्या पाटीवर ती एका ओळीत होते.

आता दोनशे फायली कसल्या? मला एम.ए.ला शिकविणारे आमचे सर निवृत्त झाल्यावर एका कामामागे लागले होते. त्यांच्या संग्रहात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची पुस्तके होती. कागद असा झालेला की पान उलटले की कोपरा हातात यावा. ती पाने स्कॅन करावयाची, त्यांतला मजकूर संगणकाकडून वाचून घ्यावयाचा, आणि प्रत्येक पुस्तकाच्या दोन प्रती करावयाच्या: एक मुळाबरहुकूम, दुसरी आजच्या लेखनाप्रमाणे, विद्यार्थ्यांसाठी. आठवड्यातून तीन संध्याकाळी मी त्यांच्याकडे जाई. हे तीन वर्षे चालले.

जुन्या लेखनाचे नवे लेखन करावयाचे म्हणजे मुख्यतः टिंबे काढावयाची. 'घरांत', 'नाहीं', 'पांच', 'दांत' असे आपले आजोबा लिहीत. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली मान्य झाले आणि ज्यांचा उच्चार होत नाही असे अनुस्वार गेले. हे काम करणारा एक छोटा प्रोग्रॅम आम्हांला मिळाला होता. त्याचे नाव सांगत नाही. कारण तो लिहून लोकांना फुकट देणाऱ्या सद्गृहस्थाने माझे काही वाईट चिंतिले नव्हते.

घरात नवा आचारी आला की त्याला रोज सगळे सांगत बसत नाही. भाजीत गूळ घालावयाचा, आजोबांच्या ताटात तिखट कमी, हे एकदा सांगितले की पुरे. काळ्या पाटीवरच्या प्रोग्रॅमांचेही तसेच असते. दर वेळी वीस सूचना टाइप करणे कंटाळवाणे, म्हणून त्या एका साध्या फाइलीत लिहून ठेवतात. प्रोग्रॅम सुरू होताच ती वाचतो. इंग्रजीत तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात. सरांनी तिचे नाव ठेवले होते 'आवडीनिवडीची वही'.

ह्या वहीत एक सोय असते. ओळीच्या आरंभी हॅश, म्हणजे दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघांची ती जाळी, काढली की त्या ओळीकडे यंत्र पाहत नाही. ती ओळ माणसांनी माणसांसाठी लिहावयाची. मी हे सांगितले तेव्हा सर खुर्चीतच पुढे सरकले. "म्हणजे समासात लिहायची परवानगी आहे म्हण की!" त्या दिवसापासून ते सांगत आणि मी हॅशपुढे टिपून घेई.

एक उदाहरण देतो. जुन्या लेखनात 'नांव' म्हणजे ज्याने हाक मारतात ते, आणि 'नाव' म्हणजे होडी. टिंब गेले आणि दोन्ही सारखी झाली. आता एखाद्या पानावर नावाडी आहे, त्याची होडी आहे आणि तिला ठेवलेले नाव आहे, तर प्रोग्रॅमने सरसकट टिंबे काढली की विद्यार्थी बुडालाच! म्हणून वहीत अपवाद घालावयाचा, की अमक्या पुस्तकात 'नांव' तसेच ठेव; आणि त्यावर हॅश काढून कारण लिहावयाचे. तसेच 'तें' आणि 'ते', 'केलें' आणि 'केले'. पहिल्यातले टिंब नपुंसकलिंगी एकवचन सांगत असे. अशा शेकडो जागा. वहीत यंत्रासाठी असलेल्या ओळी दीडशेच्या आसपास असतील. सरांच्या टिपणांच्या ओळी त्याहून अधिक झाल्या होत्या. कोठे व्युत्पत्ती, कोठे एखाद्या लेखकाची लकब, कोठे नुसतीच कुरकुर: 'येथे मुद्रकाची डुलकी दिसते.' मला ती वही त्या पुस्तकांहून मोलाची वाटू लागली होती.

दोन वर्षांपूर्वी श्रावणात सर गेले.

गणपती झाल्यावर मी काम पुन्हा हाती घेतले. छापण्यासाठी ओळीची रुंदी थोडी कमी करावयाची होती. ही सेटिंग वहीत हाताने लिहिता आली असती. पण त्या प्रोग्रॅमाच्या नव्या आवृत्तीत एक सोय आली होती: आज्ञा देतानाच 'जतन कर' असे सांगितले की तो आपण होऊन वहीत लिहितो. म्हटले, बरे झाले. आज्ञा दिली. पडद्यावर उत्तर आले, सेटिंग जतन झाली.

दुसऱ्या दिवशी वही उघडली तर ती माझी वही नव्हती. रुंदी बदललेली होती, अपवाद सगळे होते, वर्णानुक्रमे नीट लावून ठेवलेले होते. मी कधी न लिहिलेल्या पाऊणशे सेटिंगाही रांगेने बसल्या होत्या. हॅशने सुरू होणारी ओळ एकही नव्हती. मी वरून खाली गेलो, खालून वर आलो. घरात आलेल्या पाहुण्याने आपण होऊन कपाट आवरावे आणि जुनी पत्रे रद्दीत द्यावीत, तसे झाले होते. आणि वर तो पाहुणा म्हणत होता, काम झाले!

माझी भाची संगणकाचे शिक्षण घेते. तिला बोलाविले. तिने वही पाहिली, प्रोग्रॅमाची संहिता उघडून पाहिली, आणि पाच मिनिटांत निदान सांगितले.

"मामा, ह्यानं तुझी फाइल खोडली असं नाही. ह्यानं तुझी टिपणं कधी वाचलीच नव्हती."

ते कसे? प्रोग्रॅम वही वाचतो तेव्हा हॅशच्या ओळी गाळतो. तसेच करावयाचे असते. उरलेल्या सूचना तो स्मरणात ठेवतो. आता जतन करावयाचे म्हटले की आळशी प्रोग्रॅम काय करतो, तर जुनी फाइल बाजूला सारून स्मरणात जे आहे तेवढे नव्याने लिहून काढतो. जे वाचलेच नाही ते लिहिणार कोठून? एखाद्या लेखनिकाला पोथीची नक्कल करावयास सांगावी, त्याने समासातल्या टीपा 'ह्या मूळ ग्रंथाच्या नव्हेत' म्हणून गाळाव्यात, आणि नक्कल झाल्यावर मूळ पोथी नदीत सोडावी! नक्कल बिनचूक असेल, पण त्या पोथीवर ज्यांनी विचार केला ते गेले.

मी विचारले, "मग सगळेच प्रोग्रॅम असे करतात?"

सगळे नाहीत. गिट नावाचे एक साधन आहे. फायलींच्या जुन्या-नव्या आवृत्त्यांचा हिशेब ठेवते. लिनस टोरवाल्ड्स ह्याने २००५ साली ते लिहिले आणि आज जगभरचे प्रोग्रॅमर ते वापरतात. गिटला सांगितले की माझी अमुक सेटिंग बदल, तर ते वहीत जाऊन ती ओळ बदलते आणि आजूबाजूच्या टिपणांना हात लावीत नाही. हे दिसावयास सोपे, करावयास अवघड. त्यासाठी प्रोग्रॅमाने वहीचा नुसता अर्थ लक्षात ठेवून भागत नाही. तिची मांडणीही लक्षात ठेवावी लागते. कोठे रिकामी ओळ सोडली आहे, कोठे टीप आहे, कोणत्या ओळीनंतर कोणती. पायथन ही भाषा आज शाळकरी मुलेही शिकतात. तिच्यात २०२२ साली टॉमल नावाच्या पद्धतीच्या वह्या वाचण्याची सोय अंगभूत झाली. वाचण्याची झाली, लिहिण्याची मात्र मुद्दाम ठेवली नाही. लिहिताना मांडणी आणि टिपणे कशी सांभाळावीत, हा प्रश्न वाचण्याहून फार गुंतागुंतीचा म्हणून. हे ऐकून मला थोडे समाधान वाटले. निदान कोणीतरी त्या प्रश्नापाशी थबकले होते.

टॉमल ही पद्धत २०१३ साली टॉम प्रेस्टन-वर्नर ह्यांनी काढली. तिच्यात हॅश आहे. जेसन नावाची दुसरी पद्धत फार लोकप्रिय आहे, पण तिच्यात टिपणाला जागाच नाही. ती रूढ करणारे डग्लस क्रॉकफर्ड ह्यांनी पुढे सांगितले की टिपणे आपण जाणूनबुजून काढून टाकली. लोक टिपणांतूनच यंत्राला गुप्त सूचना देऊ लागले होते. यंत्रांनी यंत्रांशी बोलण्यासाठी ती पद्धत उत्तम असेल. माणसाने ज्या वहीत लिहावयाचे, तीत मात्र 'का' लिहावयास जागा नसावी, हे मला पटत नाही. तिसरी एक याम्ल म्हणून आहे. तिच्यात हॅश आहे, पण ती फार हुशार. नॉर्वे देशाची दोन अक्षरी खूण 'एनओ'. तिच्या जुन्या नियमांप्रमाणे ही अक्षरे अवतरणचिन्हांवाचून लिहिली की ती 'नो' समजते, म्हणजे नकार, आणि देशांच्या यादीतून नॉर्वे नाहीसा होतो. आवृत्तीचा क्रमांक ३.१० लिहिला की ती त्याला संख्या समजून ३.१ करते. वही लिहिणाऱ्याच्या मनातले ओळखू पाहणाऱ्या यंत्रापेक्षा, लिहिले तेवढेच वाचणारे बरे.

भाचीने दुसरा दोष दाखविला तो मला अधिक झोंबला. मी न लिहिलेल्या त्या पाऊणशे सेटिंगा कोठून आल्या? त्या प्रोग्रॅमाच्या स्वतःच्या होत्या. माणसाने काही सांगितले नसेल तर असे करावयाचे, अशा ज्या रूढ सवयी, त्या सगळ्या त्याने माझ्या वहीत माझ्या म्हणून लिहून टाकल्या. ह्याने काय बिघडते? पुढल्या वर्षी कर्त्याने एखादी सवय सुधारली, तर ती सुधारणा मला मिळणार नाही. कारण माझ्या वहीत जुनी सवय माझी इच्छा म्हणून नोंदलेली. शिवाय उद्या वही वाचणाऱ्याला, आणि वर्षभराने मलाही, कळणार नाही की ह्यांतले आमचे कोणते आणि यंत्राचे कोणते. मी एक गोष्ट बदलावयास सांगितली होती. त्याने एकच लिहावयाची होती.

आम्हां भाषेच्या लोकांना ही उतरंड ओळखीची आहे. महामंडळाचे नियम सर्वांसाठी. त्याखाली प्रकाशनसंस्थेची आपली रीत. त्याखाली त्या एका पुस्तकाची गरज. आणि शेवटी मुद्रितावर एखाद्या शब्दापाशी समासात लिहिलेले 'येथे असेच ठेवा'. जवळचा नियम दूरच्या नियमाला मागे सारतो. पण 'येथे असेच ठेवा' म्हटले म्हणून कोणी महामंडळाचे पुस्तक दुरुस्त करावयास जात नाही. काळ्या पाटीवर हेच थर आहेत: सगळ्या यंत्रासाठी एक वही, त्या माणसाची एक, त्या एका कामाची एक, आणि सर्वांत वर आता टाइप केलेली आज्ञा. गिटमध्ये ह्या तिन्ही वह्या वेगळ्या आहेत, आणि लिहिताना ती कोणत्या वहीत लिहावयाची हे आपण सांगू शकतो. २०१६ पासून तर कोणती सेटिंग कोठून आली, हेही ते विचारल्यावर सांगते. माझ्या प्रोग्रॅमाला असे काही विचारण्याची सोयच नव्हती.

विम नावाचा मजकूर लिहिण्याचा एक जुना प्रोग्रॅम आहे. त्याची रीत मला फार सभ्य वाटते. काम करता करता आपण एखादी सेटिंग बदलली, तर ती त्या बैठकीपुरती. बंद केले की संपले. कायमची करावयाची असेल तर तशी वेगळी आज्ञा द्यावी लागते. आणि त्या नावाची फाइल आधीच असेल तर तो तिच्यावर लिहिण्याचे नाकारतो. उद्गारचिन्ह टाइप करून पुन्हा बजावले तरच लिहितो. व्याकरणात उद्गारचिन्हाचा इतका चांगला उपयोग मी क्वचित पाहिला आहे.

आता कोणी म्हणेल, मास्तर, तुमच्याजवळ दुसरी प्रत नव्हती काय? होती, आणि नव्हतीही. दर रविवारी मी कामाची फोल्डरे एका वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवीत असे. पण ही वही त्या फोल्डरांत नव्हती. प्रोग्रॅमाने ती टिंबामागे लपविली होती. हे टिंबाचे प्रकरण मात्र रंजक आहे. एरवी मी ते गोष्ट म्हणून सांगितले असते.

युनिक्स ही प्रणाली अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये जन्मली. तिच्या बाल्यावस्थेत प्रत्येक फोल्डरात दोन खास नावे असत: एक टिंब म्हणजे हे फोल्डर, दोन टिंबे म्हणजे ह्याच्या वरचे. फायलींची यादी करताना ही दोन नावे उगाच दिसत. ती दिसू नयेत म्हणून यादी करणाऱ्या प्रोग्रॅमात एक छोटी युक्ती घातली गेली. नाव नेमके एक टिंब किंवा दोन टिंबे आहे काय, हे तपासावयाचे सोडून, नावाचे पहिले अक्षर टिंब आहे काय एवढेच पाहिले. तेवढी एक ओळ वाचली. पण त्यामुळे टिंबाने सुरू होणारे कोणतेही नाव दिसेनासे झाले. पुढे प्रत्येक प्रोग्रॅमकर्त्याला वाटले, ही तर आपल्या वह्या ठेवण्याची उत्तम जागा! बेल लॅबोरेटरीजमध्ये काम केलेल्या रॉब पाइक ह्यांनी २०१२ साली ही हकिकत लिहिली, आणि ही लपण्याची सोय ठरवून केलेली नव्हे, ती चुकून झाली, असे स्पष्ट म्हटले. एका टिंबाने पन्नास वर्षे काय काय लपविले! मी जन्मभर टिंबे गेल्याचे दुःख करीत आलो. येथे टिंब असल्याने घात झाला.

ह्या लपलेल्या वह्यांच्या नावाअखेर पुष्कळदा 'आरसी' ही दोन अक्षरे असतात. व्युत्पत्ती शोधण्याची खोड मला आहेच. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या एमआयटी ह्या संस्थेत सीटीएसएस नावाची प्रणाली होती. तिच्यावर लुई पूझाँ ह्या फ्रेंच अभियंत्याने 'रनकॉम' हा प्रोग्रॅम लिहिला. म्हणजे, लिहून ठेवलेल्या आज्ञा ओळीने चालवा. 'आरसी' हा त्याचा संक्षेप. प्रणाली गेली, प्रोग्रॅम गेला, अक्षरे राहिली. असे शब्द आपल्याकडेही थोडे नाहीत.

माझ्या घरफोल्डरात अशा लपलेल्या वस्तू भाचीने मोजून दाखविल्या: सत्तेचाळीस! ओसरीवर सत्तेचाळीस जणांनी आपापली गाठोडी ठेवून जावे, तसे. ह्यावर ह्या शतकाच्या आरंभी लिनक्सच्या जगातल्या काही मंडळींनी तोडगा काढला, त्याला एक्सडीजी संकेत म्हणतात. गाठोडी ओसरीवर नकोत. चार ठरावीक कपाटे करा. आवडीनिवडीच्या वह्या एका कपाटात, कामाची सामग्री दुसऱ्यात, जे फेकले तरी चालेल ते तिसऱ्यात. चौथे कपाट, कोठपर्यंत वाचले होते अशा खुणांचे, त्यात २०२१ साली वाढविले. ज्याला दुसरी प्रत ठेवावयाची आहे त्याने वह्यांचे कपाट तेवढे उचलावे. माझ्या रविवारच्या प्रतीत ते कपाट होते. माझ्या प्रोग्रॅमाने संकेत पाळला असता, तर सरांची टिपणे मला पुढल्या रविवारी मिळाली असती.

त्या आठवड्यात भाची रोज संध्याकाळी येत असे. बोलता बोलता तिने आणखी एक गोष्ट सांगितली, तिच्याने माझ्या अंगावर काटा आला. माझ्या प्रोग्रॅमाने निदान नवी वही पुरती लिहिली. लिहिता लिहिता वीज गेली असती तर? पुष्कळ प्रोग्रॅम आधी जुनी फाइल रिकामी करतात आणि मग तीत लिहू लागतात. घरातली घागर आधी ओतून टाकून मग विहिरीवर जाण्याचा हा प्रकार. २००९ साली लिनक्समध्ये ईएक्सटी४ ही फायली साठविण्याची नवी पद्धत येत होती. तेव्हा यंत्र अचानक बंद पडल्यावर काही लोकांना आपल्या सेटिंगांच्या फायली शून्य अक्षरांच्या सापडल्या. जुने पुसले गेले होते, नवे तबकडीवर पोचले नव्हते. त्या पद्धतीचे एक कर्ते थिओडोर त्सो ह्यांचे म्हणणे, दोष प्रोग्रॅमांच्या लिहिण्याच्या रीतीत आहे. तरी लोकांची सोय म्हणून त्यांनी आपल्या बाजूनेही दुरुस्ती केली. खरी रीत अशी: शेजारी नवी फाइल पूर्ण लिहावी, ती तबकडीवर पोचल्याची खात्री करावी, आणि मग एका झटक्यात तिला जुनीचे नाव द्यावे. नाव बदलण्याची क्रिया अर्धी होत नाही. वाचणाऱ्याला जुनी तरी सापडते, नाहीतर नवी तरी. भरलेली घागर आणून ठेवावी, मग रिकामी उचलावी. आमच्या आजीला हे कोणी शिकविले नव्हते.

आणि लिहिण्यापूर्वी तपासावे. युनिक्सच्या यंत्रांवर सुडोअर्स नावाची एक फाइल असते. यंत्राचा कारभार कोणाकोणाच्या हाती द्यावयाचा, ते तीत लिहितात. तीत चूक झाली तर मालकच घराबाहेर. म्हणून ती विसुडो ह्या साधनातून उघडावयाची. ते प्रतीवर लिहू देते, दुसऱ्याला त्या वेळी लिहू देत नाही, आणि जतन करण्यापूर्वी व्याकरण तपासते. चूक असली तर ओळ दाखवून विचारते, पुन्हा दुरुस्त करता, की सोडून देता? शुद्धलेखन तपासल्याशिवाय उत्तरपत्रिका स्वीकारू नये, असे मला फार दिवस वाटत आले आहे. पण ते असो. पासवर्ड मात्र ह्या वहीत कोणी ठेवू नये. वह्या माणसे एकमेकांना दाखवितात.

आता वहीचे पुढे काय झाले ते सांगतो. सरांचा यंत्रावर विश्वास नव्हता. माघात एकदा त्यांनी मला बजावले होते, "अरे, हे सगळं एकदा कागदावर काढून आण. मला डोळ्यांनी बघू दे." मी छापून नेले होते. ती पाने सरांच्या पत्नींनी शोधून दिली. समासात सरांच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. त्यांवरून माघापर्यंतची टिपणे मी पुन्हा टाइप केली. तीन रविवार लागले. माघ ते श्रावण ह्या सहा महिन्यांतली टिपणे कागदावर नव्हती. त्यांतली काही आठवली. पण आठवली ती माझ्या वाक्यांत. सर दोन शब्दांत म्हणत ते माझ्याकडून दोन ओळींत उतरले. ती मी वेगळी खूण करून लिहिली आहेत, म्हणजे पुढे कोणी त्यांना सरांची समजू नये.

भाचीने प्रोग्रॅमाच्या कर्त्याला पत्र लिहिले. मला वाटले, फुकट वस्तू घेऊन वर तक्रार, तो रागावेल. पण त्याचे उत्तर चारच दिवसांत आले, आणि त्यात सबब नव्हती. आपल्याही वहीतली टिपणे एकदा अशीच गेली होती, आणि तेव्हापासून आपण 'जतन कर' ही आज्ञा स्वतः कधी वापरीत नाही, असे त्याने लिहिले! भाचीने त्याला म्हटले, मग ती दुसऱ्यांना तरी का देता? दीड महिन्याने नवी आवृत्ती आली. आता ती सांगितलेली एकच ओळ बदलते, बाकीची जशीच्या तशी ठेवते, आणि वही आता वह्यांच्या कपाटात असते. दुरुस्तीतला काही भाग भाचीनेच लिहिला, असे मला नंतर कळले. मीही वही आता गिटमध्ये ठेवतो. रोज रात्री एक आज्ञा देतो. सौ. त्याला माझी संध्या म्हणतात.

अपवादांच्या यादीत शेवटच्या दिवसांतली एक ओळ आहे. एका पुस्तकात 'भोंवतीं' हा शब्द टिंबांसकट तसाच ठेवावा, असे ती यंत्राला सांगते. यंत्र निमूटपणे ऐकते. का ठेवावा, ते सरांनी सांगितले होते. मी हॅशपुढे लिहिलेही होते. बाहेर पाऊस होता आणि चहा आला होता, एवढे आठवते. ते पुस्तक मी दोनदा शोधून वाचले. त्या शब्दाला टिंबे ठेवण्याचे कारण मला सापडले नाही. एकदा ओळ काढून टाकावी असे वाटले, पण काढली नाही. तिच्यावर हॅश काढून एवढेच लिहिले आहे: 'सर म्हणाले होते.'